थेट जॅझ रेडिओ अडखळतो, थांबतो, मुका होतो: कुठून तपासायला सुरुवात करावी

हा बिघाड मी घरच्यांच्या, नातेवाइकांच्या आणि मित्रमैत्रिणींच्या उपकरणांवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता तपासण्याचा क्रम हातात बसला आहे. आधी तुमचं लक्षण यातलं कोणतं ते ठरवा:

- संगीत दर दोन-चार मिनिटांनी थांबतं, गोल चक्र फिरतं, पुन्हा सुरू होतं.
- स्टेशन लागल्याचं पडद्यावर दिसतं, पण आवाज नाही.
- एकच स्टेशन लागत नाही, बाकी सगळी नीट वाजतात.
- फोनवर वाजतं, त्याच घरातल्या वायफाय रेडिओवर वाजत नाही.
- काही तास उत्तम चालतं आणि मग आपोआप बंद पडतं.
- वाजतं सगळं, पण सिंबलचा (ड्रमबरोबरच्या धातूच्या थाळीचा) आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, किंवा एखादं वाद्य गायबच असतं.
- आवडता कार्यक्रम ठरलेल्या वेळी सापडत नाही.

या दुखण्यात बहुतेक जण सर्वात आधी इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतात. तो खर्च बहुधा वाया जातो. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिटच्या) रेडिओला सेकंदाला फक्त १६ किलोबाइट लागतात, म्हणजे तासाला साधारण ५८ मेगाबाइट. आजच्या कोणत्याही जोडणीला हे ओझं नाही. अडचण सातत्याची असते. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवताना ॲप पुढची तीन-चार मिनिटं आधीच उतरवून ठेवू शकतं. थेट प्रसारणात पुढचं मिनिट अजून स्टुडिओतच वाजलेलं नसतं, त्यामुळे उपकरणाकडे शिल्लक असते ती जेमतेम काही सेकंदांची. जोडणी तेवढ्यापेक्षा जास्त वेळ गचकली की संगीत तुटतं. म्हणूनच चित्रपट सुरळीत दिसतो त्या घरात रेडिओ अडखळू शकतो.

खरंच बंद पडलंय का?

हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत आणि जॅझच्या बाबतीत तो विचारायलाच हवा. पियानो आणि ड्रम थांबतात, डबल बेस एकटाच हळू आवाजात बोलू लागतो, आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून तो खालचा स्वर बाहेरच पडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ मेला. हेडफोन लावा, अर्धा मिनिट थांबा. निम्म्या तक्रारी नाही, पण बऱ्याच तक्रारी मी इथेच मिटवल्या आहेत.

दुसरी गोष्ट, संगीताऐवजी नुसतं बोलणं चालू असेल तर निधी संकलनाचा काळ असू शकतो. नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ, न्यू ऑर्लिन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड, सॅन मटेओचं केसीएसएम ही स्टेशनं श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतात आणि वर्षातून काही दिवस निवेदक भरपूर बोलतात. तो बिघाड नव्हे. ज्याला जमेल त्याने देणगीही द्यावी, कारण ही स्टेशनं टिकली तरच आपण ऐकणार आहोत.

तिसरी गोष्ट वेळेची. कार्यक्रम सापडत नसेल तर स्टेशनच्या गावातलं घड्याळ पाहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. निवेदक फिल शाप न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेसीआर स्टेशनवर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या संगीताचा कार्यक्रम वर्षानुवर्षं सकाळी ८.२० ला करत. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत हिवाळ्यात १३.२० असे आणि उन्हाळ्यात १२.२०. मार्चमधल्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत तर न्यूयॉर्क आणि पॅरिसमधलं अंतरही सहाऐवजी पाच तासांचं होतं. त्यामुळे वेळ लिहून ठेवताना स्टेशनच्या स्थानिक वेळेतच लिहा आणि फोनच्या घड्याळात त्या शहराची वेळ जोडून घ्या.

दुसरं स्टेशन लावा

दोष स्टेशनकडे आहे की तुमच्याकडे, हे एका मिनिटात कळतं. यासाठी मी रेडिओ स्विस जॅझ वापरते. त्यावर बातम्या नाहीत, जाहिराती नाहीत, त्यामुळे मध्ये शांतता आली तर संशय घ्यायला जागा उरते. मात्र तुलना करताना दुसरं स्टेशन वेगळ्या देशातलं घ्या. एकाच शहरातली दोन स्टेशनं एकाच सेवेवरून प्रवाह (इंटरनेटवरून सतत येणारा आवाज) पाठवत असतील तर दोन्ही एकदम पडतील आणि तुम्ही उगाच स्वतःच्या राउटरला दोष द्याल.

बाकी सगळं वाजतंय आणि एकच स्टेशन बंद आहे, तर घरातलं काहीही हलवू नका. त्या स्टेशनच्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमांवर सूचना आहे का पाहा आणि काही तास द्या. उलटंही घडतं बरं का, म्हणजे हवेवरचं प्रक्षेपण बंद आणि इंटरनेटवरचं चालू. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केलं तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूओझेड शहरातून बोलू शकत नव्हतं. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या स्टेशनच्या मदतीने ते काही दिवसांतच इंटरनेटवर परतलं आणि विखुरलेल्या शहराला आपलं संगीत ऐकू आलं. या माध्यमावर माझा जीव आहे तो अशा गोष्टींमुळे.

दुसरं उपकरण, दुसरी जोडणी

आता तेच स्टेशन दुसऱ्या उपकरणावर लावा. त्यानंतर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लावा. या दोन चाचण्यांतून चार शक्यता निघतात. सगळीकडे अडकत असेल तर दोष स्टेशनचा किंवा मधल्या वाटेचा. फक्त वायफायवर अडकत असेल तर घरातला. एकाच उपकरणावर अडकत असेल तर त्या उपकरणाचा. एकाच ॲपमध्ये अडकत असेल तर ॲपचा. हे न करता सेटिंग बदलत बसलात तर नेमकं कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच खेळ पहिल्यापासून.

फोनवर पडदा बंद झाल्यानंतर काही मिनिटांतच रेडिओ थांबत असेल तर बॅटरी वाचवण्याची सोय तपासा. अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीला चालणारी ॲप बंद करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

बरोबर दोन, तीन किंवा चार तासांनी थांबत असेल, तर स्टेशन किंवा ॲप मुद्दाम थांबवत असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक श्रोत्यामागे त्यांचा खर्च चालू असतो, म्हणून कोणी ऐकत नाही असं धरून जोडणी तोडली जाते. यावर इलाज एकच, पुन्हा कळ दाबायची.

पत्ता शिळा झालाय का?

एकच स्टेशन एकाच उपकरणावर लागत नाही, या तक्रारीचं कारण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा हेच निघतं. रेडिओच्या स्मृतीत साठवलेलं स्टेशन म्हणजे एक इंटरनेट पत्ता. स्टेशनने सर्व्हर बदलला की जुना पत्ता मरतो, आणि बिचारा रेडिओ त्याच दारावर टकटक करत राहतो. नावंही बदलतात. सिअ‍ॅटल-टकोमा भागातलं केपीएलयू हे २०१६ पासून केएनकेएक्स झालं. जुन्या नावाने शोधणाऱ्याला जुनीच नोंद मिळू शकते.

स्टेशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथे ऐकण्याचे इतर मार्ग दाखवणारं पान असतं, त्यावर ताजे पत्ते मिळतात. एम३यू किंवा पीएलएस प्रकारची फाइल उतरली तर ती साध्या मजकुराच्या ॲपमध्ये उघडा. आत दोन-चार ओळी असतात आणि त्यातच खरा पत्ता असतो. तो व्हीएलसी या प्लेअर ॲपमध्ये नेटवर्क प्रवाह म्हणून उघडा. तिथे वाजला तर पत्ता जिवंत आहे आणि अडचण रेडिओची किंवा त्याच्या यादीची आहे.

पत्त्याच्या शेवटी एम३यू८ असेल तर तो एचएलएस प्रकारचा प्रवाह. त्यात आवाज काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. नव्या फोनना हा प्रकार सोयीचा, पण अनेक जुन्या वायफाय रेडिओंना तो समजतच नाही. अशा रेडिओसाठी त्याच स्टेशनचा साधा एमपी३ पत्ता शोधा. पत्त्यात ८००० सारखा पोर्ट (जोडणीच्या दाराचा) क्रमांक दिसत असेल आणि स्टेशन घरी लागतं पण कचेरीत किंवा वसतिगृहात लागत नसेल, तर तिथल्या नेटवर्कने तो पोर्ट बंद ठेवला असावा. त्याच स्टेशनचा एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणीचा) पत्ता बहुधा चालतो, कारण ४४३ क्रमांकाचा पोर्ट सहसा कोणी बंद करत नाही.

मध्येच कोणी अडवतंय का?

बऱ्याच स्टेशनांच्या सुरुवातीला एक छोटी जाहिरात वाजते. ब्राउझरमधलं जाहिरातरोधक किंवा राउटरवर बसवलेली, नको ते पत्ते अडवणारी डीएनएस गाळणी ती जाहिरात अडवते आणि तिच्या मागे रांगेत उभा असलेला रेडिओही अडतो. पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही, नुसती शांतता. गाळणी पाच मिनिटं बंद करून पाहा. कारण हेच निघालं तर त्या एका स्टेशनपुरती सूट द्या.

व्हीपीएन (तुम्ही दुसऱ्या देशात आहात असं दाखवू शकणारी सोय) चालू असेल तर तोही बंद करून पाहा. संगीताचे हक्क देशानुसार विकले जातात, त्यामुळे तुम्ही कोणत्या देशात दिसता यावर स्टेशन लागणं अवलंबून असतं. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जगभरची स्टेशनं ऐकवणाऱ्या ट्यूनइन या ॲपविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर ब्रिटनमधल्या श्रोत्यांना त्या ॲपवर परदेशी स्टेशनं मिळेनाशी झाली. त्या श्रोत्यांचे फोन धडधाकट होते, राउटरही. अशा अडचणीत ॲप पुन्हा पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो. स्टेशनच्या स्वतःच्या पानावर जाऊन ऐकता येतं का पाहायचं, तिथेही नकार आला तर तो हक्कांचा प्रश्न आहे, तुम्ही सोडवायचा नाही.

वायफाय

फक्त वायफायवर तुटतं हे नक्की झालं असेल तरच इथे या.

सर्वात आधी रेडिओ राउटरच्या खोलीत नेऊन अर्धा तास वाजवा. तिथे नीट वाजला तर जागा बदलणं हाच उपाय. लोखंडी कपाट, आरसा, माशांची टाकी या गोष्टी लहरी अडवतात. एका काकांचा रेडिओ मी कपाटावरून उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला, एवढंच केलं. त्याआधी त्यांनी दोन राउटर बदलले होते.

दिवसातून ठरावीक वेळीच तुटत असेल तर मायक्रोवेव्ह ओव्हन आठवा. तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतो. ब्लूटूथही तिथेच असतं, त्यामुळे फोन वायफायवरून रेडिओ घेऊन ब्लूटूथ स्पीकरला देत असेल तर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. फोनला ५ गिगाहर्ट्झवर न्या. जुन्या रेडिओला ५ गिगाहर्ट्झ चालत नसेल तर राउटरमध्ये २.४ साठी १, ६ किंवा ११ यांतला शेजाऱ्यांनी कमी वापरलेला चॅनेल निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

आणि तार. रेडिओला इथरनेटचं भोक असेल तर एक दिवस तार जोडून ऐका. तारेवर दिवसभर न तुटता वाजलं तर वायफायवरचा आरोप सिद्ध झाला. तारेवरही तुटलं तर घरातल्या लहरींचा विषय संपला.

शिल्लक वाढवा

व्हीएलसीमध्ये प्रवाह उघडताना अधिक पर्याय दाखवले की कॅशिंगचा, म्हणजे आधी साठवून ठेवायच्या आवाजाचा, आकडा दिसतो. तो मूळचा १००० मिलिसेकंद असतो, म्हणजे फक्त एक सेकंद. मी तो १०,००० करते. स्टेशन सुरू व्हायला उशीर लागतो आणि तुम्ही स्टुडिओच्या थोडं आणखी मागे राहता, पण लहानसहान गचके पोटात घेतले जातात. अनेक रेडिओ ॲपमध्येही अशी शिल्लक (बफर) वाढवण्याची सोय असते.

दिवसरात्र रेडिओ चालू ठेवणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येतो. साधारण एक दिवसाने संगीत एकदा अडखळतं, मग पुन्हा एक दिवस काही नाही. हा घड्याळांचा खेळ आहे. स्टेशनचं यंत्र आणि तुमचं यंत्र आपापल्या स्फटिकावर वेळ मोजतात आणि दोन स्फटिक अगदी सारखे कधीच नसतात. तुमचं यंत्र दहा लाखात ५० भागांनी वेगात असेल तर तासाला ०.१८ सेकंद जास्त खर्ची पडतात, २४ तासांत सव्वाचार सेकंद. शिल्लकच चार सेकंदांची असेल तर ती एका दिवसात संपणारच. दुरुस्त करण्यासारखं यात काही नाही. शिल्लक वाढवा, किंवा रोज सकाळी एकदा रेडिओ बंद करून लावा.

जुना रेडिओ आणि प्रमाणपत्रं

फोनवर सगळं वाजतं, रेडिओवर एकेक करत स्टेशनं गळू लागली आहेत. हे म्हातारपण आहे. स्टेशनं एचटीटीपीएसवर जातात आणि जुन्या रेडिओला नवी सुरक्षा भाषा येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ नावाचं, संकेतस्थळांची ओळख पटवणारं मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं तेव्हा अद्ययावत न केलेली कितीतरी उपकरणं असंख्य संकेतस्थळांशी बोलेनाशी झाली.

आधी रेडिओवरची तारीख पाहा. वीज गेल्यावर ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर कोणतंही प्रमाणपत्र रेडिओला खोटंच वाटणार. तारीख बरोबर असेल तर मेन्यूतून सॉफ्टवेअर अद्ययावत करा. ते करताना वीज जाणार नाही याची खात्री हवी, अर्धवट राहिलं तर रेडिओ कायमचा मुका होऊ शकतो. अद्ययावत आवृत्ती मिळतच नसेल आणि साधा एचटीटीपी पत्ताही उरला नसेल, तर त्या रेडिओची वायफायची बाजू संपली. त्याच्या मागे बाहेरचा आवाज आत घेणारं ऑक्सचं भोक असेल तर जुना फोन जोडा. चांगला स्पीकर फेकून देण्याचं काही कारण नाही.

वाजतंय, पण जॅझ वाटत नाही

याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते खटकतं. प्रवाह कमी दर्जाचा असेल तर ते सर्वात आधी राइड सिंबलवर कळतं, त्याचा चुरचुरीत ठोका फेसासारखा होतो. स्टेशनच्या पानावर जास्त केबीपीएसचा प्रवाह आहे का पाहा.

सिंबल जवळजवळ नाहीच आणि सगळं गोधडीत गुंडाळल्यासारखं असेल तर कारण वेगळं. एचई-एएसी या आवाज दाबून लहान करण्याच्या प्रकारात वरचे स्वर थेट पाठवत नाहीत, ते कसे उभारायचे याची चिठ्ठी पाठवतात. ती चिठ्ठी वाचता न येणारा जुना रेडिओ फक्त खालचा अर्धा भाग वाजवतो. व्हीएलसीमध्ये कोडेकची (आवाज दाबण्याच्या पद्धतीची) माहिती उघडून प्रकार पाहा आणि अशा रेडिओला एमपी३चा पत्ता द्या.

वाद्यच गायब असेल तर हेडफोनच्या दोन्ही बाजू तपासा. १९५० च्या दशकाच्या शेवटापासूनच्या अनेक स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे ठेवलेले आहेत. एक तार तुटली की फक्त ड्रमच ऐकू येतात आणि वाटतं स्टेशन बिघडलं. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही बाजूंना एकच मिसळलेला आवाज) चालू करा. गायब वाद्य परत आलं तर तार किंवा एक स्पीकर गेला आहे.

इथे थांबा

संगणकाला तार जोडून राउटरला शंभर वेळा पिंग करा (उत्तर येतं का पाहणारा छोटा संदेश पाठवा), मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला शंभर वेळा. राउटरपर्यंत सगळी उत्तरं येतात आणि बाहेरची वारंवार हरवतात, असं दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी दिसलं तर दोष लाइनचा आहे. सेवा देणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ बोलवा. फायबरची तार वाकवून किंवा जोड उघडून पाहू नका.

मुख्य विजेवर चालणारा रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर जळका वास देत असेल, गुरगुरत असेल, हात लावल्यावर झिणझिण्या आणत असेल, तर बटण बंद करून प्लग काढा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. प्लग काढल्यानंतरही आतले कपॅसिटर विजेने भरलेले असू शकतात, त्यामुळे पेटी उघडणं हे घरचं काम नव्हे. फोनची किंवा सुटसुटीत स्पीकरची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका, सेवा केंद्रात द्या.

तंत्रज्ञाला किंवा स्टेशनला कळवताना चार गोष्टी लिहा: प्रवाहाचा पूर्ण पत्ता, तुटल्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, उपकरण, आणि मोबाइल डेटावर तेच होतं का. छोट्या स्टेशनांत ही कामं पाहणारी माणसं मोजकीच असतात. एवढं नेमकं लिहिलेलं पत्र मिळालं की ती माणसं उत्तर देतात, आणि माझ्या दोन तक्रारींनंतर स्टेशनने खरोखरच प्रवाह दुरुस्त केला होता.